एक श्वासनलिका, दोन तुकडे: प्राणी-ऊतकाच्या सूक्ष्मदर्शी अभ्यासाची पहिली तयारी

ऊतकविज्ञान शिकायला आलेल्याच्या हाती बहुधा पहिल्याच दिवशी तयार, रंगवलेली स्लाइड दिली जाते. गुलाबी पेशीद्रव्य, निळीजांभळी केंद्रके आणि शिस्तीत उभ्या असलेल्या रांगा पाहून पेशी म्हणजे हेच, अशी समजूत त्या दिवशी जी बसते ती लवकर हलत नाही. प्रत्यक्षात त्या स्लाइडवरचे ऊतक फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले, अल्कोहोलने कोरडे केलेले, झायलीनमधून काढलेले, वितळलेल्या मेणात तासन्‌तास ठेवलेले, पात्याने कापलेले आणि सर्वांत शेवटी रंगवलेले असते. प्रत्येक पायरी त्यावर आपली खूण सोडते, आणि ती खूण ओळखता न येणारा माणूस सुरकुतीला रचना आणि भेगेला पोकळी समजून बसतो. म्हणून नवशिक्याने पहिला धडा एकाच अवयवाच्या दोन तुकड्यांवर घ्यावा, असे माझे मत आहे. एक तुकडा जिवंत असतानाच मिठाच्या द्रावणात पाहावा, दुसरा स्थिर करून, कापून आणि रंगवून पाहावा, आणि दोन्ही वेळच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्यात.

या कामासाठी शेळी किंवा मेंढीची श्वासनलिका उत्तम. तिच्या आतल्या अस्तरातील पेशींच्या माथ्यावर पक्ष्माभिका, म्हणजे सतत हलणारे सूक्ष्म केस, असतात आणि प्राणी मेल्यानंतरही योग्य द्रावणात ठेवल्यास त्या काही तास हलत राहतात. त्यामुळे पेशीचे कार्य डोळ्यांनी पाहता येते. त्याच नलिकेच्या छेदात अभिस्तर, श्लेष्मा तयार करणाऱ्या चषक पेशी, ग्रंथी, अनैच्छिक स्नायू, संयोजी ऊतक आणि कास्थी असे बरेच काही एका ठिकाणी भेटते.

ऊतक मिळवण्याआधी

पहिल्या धड्यासाठी एकही प्राणी मारण्याची गरज नाही. मांसासाठी कापलेल्या जनावराची श्वासनलिका पुरेशी असते. प्राण्यांवरील प्रयोगांत पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडली, आणि आज बहुतेक संस्थांच्या नैतिकता समित्या त्यांच्याच आधारे परवानगी देतात. पुढे कधी जिवंत प्राण्यावर काम करायचे झाले, तर आधी लेखी परवानगी आणि मगच काम, हा क्रम बदलू नये. ताज्या ऊतकातून माणसाला होऊ शकणारे संसर्ग असतात, त्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा पहिल्या क्षणापासून हवा.

दोन द्रावणे आदल्या दिवशीच तयार ठेवावीत, कारण ऊतक हाती आल्यावर वजनकाट्याशी झटापट करायला वेळ नसतो. पहिले आहे रिंगर द्रावण: एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 8.6 ग्रॅम सोडियम क्लोराइड, 0.3 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 0.33 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. हे प्रमाण सस्तन प्राण्यांसाठी आहे. बेडकाच्या ऊतकाला सुमारे 0.65 टक्के मिठाचे, म्हणजे बरेच सौम्य द्रावण लागते. नुसते 0.9 टक्के मिठाचे पाणी का चालणार नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराला इतिहास आहे. 1880 च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होते. द्रावण नळाच्या पाण्यात केलेले असताना हृदय बराच वेळ चाले, ऊर्ध्वपातित पाण्यात केले की थोड्याच वेळात मंदावे. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हा त्यातला फरक होता. म्हणजे रसायनाच्या बाटलीइतकेच लक्ष पाण्याकडे द्यावे लागते, आणि नोंदवहीत "पाणी" एवढेच न लिहिता कोणते पाणी तेही लिहावे लागते.

दुसरे द्रावण उदासीन बफरयुक्त 10 टक्के फॉर्मॅलिन. येथे नवखे हमखास गोंधळतात. बाजारातल्या फॉर्मॅलिनमध्ये 37 ते 40 टक्के फॉर्मॅल्डिहाइड असते आणि त्याचे दहापट विरलन केले की त्याला 10 टक्के फॉर्मॅलिन म्हणतात, पण त्यातले फॉर्मॅल्डिहाइड सुमारे 4 टक्केच असते. 100 मिलिलिटर फॉर्मॅलिन, 900 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि 6.5 ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट एकत्र केले की सामू 7 च्या आसपास येतो. फॉस्फेट वगळून नुसत्या पाण्यात केलेले फॉर्मॅलिन साठवणीत आम्ल होत जाते आणि रक्ताने भरलेल्या ऊतकात तपकिरी-काळे कण सोडते, जे पुढे कोणाला रोगाचे लक्षण वाटू शकतात. फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारे रसायन असल्याचे सिद्ध झालेले आहे, म्हणून ते धूरकपाटातच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, ओतावे, नाकाला वास आला तर काम थांबवून हवा खेळती करावी आणि वापरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या डब्यात साठवावे. त्यात ब्लीच कधीही मिसळू नये.

जिवंत तुकडा

श्वासनलिका हाती येताच ती कोमट रिंगर द्रावणात ठेवावी आणि प्राणी कापल्याची वेळ लिहून घ्यावी. नलिकेचे सुमारे अर्ध्या सेंटिमीटर रुंदीचे कडे कापून उघडावे, आतला चिकट श्लेष्मा द्रावणाच्या हलक्या धारेने काढावा आणि पात्याच्या पाठीने आतला पृष्ठभाग अलगद खरवडावा. मिळालेला गढूळसा अंश स्लाइडवरच्या रिंगर द्रावणाच्या थेंबात मिसळून वर कव्हरस्लिप ठेवावी. कव्हरस्लिपच्या कडांना आधी पेट्रोलियम जेलीची बारीक रेघ लावली की दोन गोष्टी साधतात: काचेच्या वजनाखाली पेशी चिरडत नाहीत आणि थेंब वाळत नाही.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. न रंगवलेली पेशी जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे कंडेन्सरचे, म्हणजे मंचाखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचे, छिद्र लहान करून कडा उठून दिसतील असे करावे. असे केल्याने बारीक तपशील थोडा हरवतो, पण जिवंत पेशी दिसावी म्हणून ती किंमत द्यावी लागते. कला-भेद (फेज कॉन्ट्रास्ट) सूक्ष्मदर्शक, जो रंगाशिवायही पारदर्शक पेशी उठून दाखवतो, उपलब्ध असेल तर ही तडजोड करावी लागत नाही. त्याच्या शोधासाठी फ्रिट्झ झेर्निके यांना 1953 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दहापट वस्तुभिंगाने शोध सुरू करावा. प्रथम पक्ष्माभिका दिसणार नाहीत, दिसतील ते एका दिशेने वाहत जाणारे कण आणि मोकळ्या तांबड्या पेशी. त्या प्रवाहाचा उगम शोधत गेले की पेशींच्या पुंजक्याच्या एका कडेला लकाकणारी, थरथरणारी पट्टी सापडते. चाळीसपट वस्तुभिंगाखाली ती पट्टी म्हणजे वाऱ्याने शेतावरून लाट सरकावी तशी सरकणारी हालचाल आहे हे कळते. शेजारच्या पक्ष्माभिका एकाच क्षणी नव्हे, तर किंचित मागेपुढे फटका मारतात म्हणून ही लाट उमटते. पहिल्यांदा ती पाहणारा माणूस पुढची दहा मिनिटे काही लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि त्यात वावगे काहीच नाही.

त्यानंतर मात्र मोजायला लागावे. सस्तन प्राण्याच्या शरीरतापमानाला पक्ष्माभिका साधारणपणे सेकंदाला 10 ते 20 फटके मारतात, आणि एवढी गती डोळ्याला मोजता येत नाही. नेत्रभिंगाला फोनचा कॅमेरा लावून सेकंदाला 240 चित्रांच्या वेगाने चित्रण करावे आणि एका फटक्याला किती चित्रे लागतात ते मोजावे. 20 चित्रे लागली तर गती सेकंदाला 12 फटके झाली. नेहमीच्या 30 चित्रांच्या वेगाने चित्रण करून समाधान मानणे ही चूक आहे, कारण गती सेकंदाला 15 फटक्यांपुढे गेली की अशा चित्रणात ती प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. किमान दहा वेगवेगळ्या जागी मोजणी करावी आणि दर वेळी स्लाइडचे तापमान नोंदवावे. थंड झालेली तयारी मंदावते आणि ऊब मिळाली की पुन्हा वेग घेते, त्यामुळे तापमानाशिवायच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

त्याच वेळी आणखी दोन छोटे प्रयोग करता येतात. एका थेंबात रिंगर द्रावणाऐवजी ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे: तांबड्या पेशी फुगून फुटतात आणि नाहीशा होतात, अस्तराच्या पेशी सुजतात आणि पक्ष्माभिका थांबतात. दुसऱ्या थेंबात 2 टक्के मिठाचे द्रावण घेतले तर तांबड्या पेशी आक्रसून काटेरी होतात. दुसरा प्रयोग ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा. 0.4 टक्के द्रावण पेशींच्या द्रवात समप्रमाणात मिसळून थोड्याच मिनिटांत पाहिले की अखंड पटल असलेल्या पेशी स्वच्छ राहतात आणि मेलेल्या निळ्या होतात. संख्या हवी असेल तर रक्तपेशीमापक काचपट्टी वापरावी: तिचा मोठा चौरस 1 मिलिमीटर बाजूचा आणि 0.1 मिलिमीटर खोल असतो, म्हणून एका चौरसातील सरासरी संख्येला 10,000 ने आणि मग विरलनाच्या पटीने, येथे 2 ने, गुणले की मूळ द्रवातील दर मिलिलिटरमागची संख्या मिळते. ट्रिपॅन ब्लू त्वचेला लागू देऊ नये.

दुसरा तुकडा: स्थिरीकरण

जिवंत तुकड्याकडे पाहण्यात वेळ जाणार हे गृहीत धरून दुसरे कडे आधीच, नलिका हाती येताच, फॉर्मॅलिनमध्ये टाकलेले असले पाहिजे. माझ्या हातून पहिल्याच वर्षी हा क्रम उलटा झाला. पक्ष्माभिकांच्या नादात दुसरा तुकडा टेबलावर तासाभराहून अधिक वेळ पडून राहिला, आणि पुढे चार दिवस खपून तयार केलेल्या स्लाइडवर अस्तराचे बरेचसे पेशीस्तर सुटून नलिकेच्या पोकळीत पडलेले दिसले. रंगवताना झालेली चूक पुन्हा रंगवून सुधारते, मेणातली चूकही कधीकधी सुधारते, पण पहिल्या अर्ध्या तासात ऊतकाने स्वतःला पचवायला सुरुवात केली की त्यावर नंतर उपाय नाही.

तुकडा 3 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ लागतो, सुरुवातीला ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर, आणि आत शिरल्यावर प्रथिनांमध्ये बंध जोडण्याचे काम त्याहून सावकाश चालते. द्रावणाचे आकारमान ऊतकाच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट असावे आणि वेळ 24 ते 48 तास द्यावा. आतला पृष्ठभाग बोटाने किंवा कापडाने पुसू नये, कारण पुसलेल्या जागी पक्ष्माभिका उरत नाहीत. डब्यात टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून जाते आणि मग सहा डब्यांत सहा निनावी तुकडे उरतात.

पाणी काढून मेण भरणे

मेण पाण्यात मिसळत नाही, म्हणून ऊतकातले पाणी आधी अल्कोहोलने, मग अल्कोहोल झायलीनने आणि शेवटी झायलीन मेणाने बदलावे लागते. 3 मिलिमीटरच्या तुकड्यासाठी 70, 80 आणि 95 टक्के अल्कोहोलमध्ये प्रत्येकी एक तास, शुद्ध अल्कोहोलमध्ये दोन वेळा एकेक तास, झायलीनमध्ये दोन वेळा पाऊण ते एक तास, आणि 58 ते 60 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पॅराफिन मेणात तीन वेळा एकेक तास हा क्रम चालतो. झायलीन दुधट झाले तर पाणी अजून आत आहे असे समजावे आणि तुकडा मुकाट्याने शुद्ध अल्कोहोलमध्ये परत न्यावा. पुढे रेटल्यास मध्यभागी मेण न शिरलेला मऊ गाभा राहतो आणि पात्याखाली तो निखळून पडतो.

या प्रवासात ऊतक लक्षणीय आकसते आणि चरबी विरघळून जाते. चरबीच्या पेशी स्लाइडवर रिकाम्या जाळीसारख्या दिसतात त्या याच कारणाने. चरबीच पाहायची असेल तर मेणाचा मार्ग सोडून गोठवलेले छेद घ्यावे लागतात.

साच्यात कडे आडवे, कापलेली बाजू तळाला टेकवून बसवावे, म्हणजे नलिकेचा आडवा छेद मिळेल. ते तिरके बसले तर छेद तिरका येतो आणि एकाच थराचा अभिस्तर बहुस्तरीय दिसू लागतो. श्वासनलिकेत तर हा सापळा दुप्पट आहे, कारण तिचा अभिस्तर आधीच आभासी स्तरित असतो: सगळ्या पेशी तळपटलावर टेकलेल्या असतात, पण केंद्रके वेगवेगळ्या उंचीवर असल्याने थर अनेक वाटतात.

मायक्रोटोमवर

मायक्रोटोम म्हणजे अतिशय पातळ छेद कापणारे यंत्र. साच्यात घट्ट झालेला ऊतकासह मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करावा, 15 ते 20 मायक्रोमीटरने छाटून ऊतकाचा पूर्ण चेहरा उघडा करावा आणि मग पात्याचा न वापरलेला भाग पुढे आणून 5 मायक्रोमीटरचे छेद घ्यावेत. चाक एका लयीत, सावकाश फिरवले की छेद एकमेकांना चिकटून फीत तयार होते. फितीवर उभी रेघ आली तर पात्याला खाच आहे, पाते सरकवावे. एक छेद जाड आणि एक पातळ येत असेल तर ब्लॉकचे किंवा पात्याचे स्क्रू सैल आहेत. पडद्याच्या पट्ट्यांसारख्या आडव्या लाटा आल्या तर पाते कंप पावते आहे, किंवा ऊतक फार कडक आहे. पात्याला हाताने साफ करण्याआधी चाकाची कळ अडकवून ठेवावी. मायक्रोटोमचे पाते बोट कापते तेव्हा ते आधी जाणवतही नाही.

फीत 42 ते 45 अंशांच्या पाण्यावर तरंगवली की सुरकुत्या सुटतात. पाणी जास्त गरम झाले तर मेण पसरते आणि पेशी एकमेकींपासून फाकतात. श्वासनलिकेची खास अडचण म्हणजे कास्थी: ती पाण्यात बाकीच्या छेदाहून वेगळी फुगते आणि रंगवताना स्लाइडवरून उचलली जाते. त्यामुळे छेद घट्ट धरून ठेवणाऱ्या पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या स्लाइड घ्याव्यात, निथळू द्याव्यात आणि 37 अंशांवर रात्रभर वाळवाव्यात. घाई करून भट्टीत तासाभरात वाळवलेल्या स्लाइडवरची कास्थी टिकेलच याची हमी नाही.

रंग

हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून मिळते. ते स्वतः जवळजवळ रंगहीन असते, ऑक्सिडीकरणाने त्याचे हिमॅटीन होते आणि ॲल्युमिनियमच्या क्षाराशी जोडले गेल्यावर ते केंद्रकातील आम्लधर्मी न्यूक्लिक आम्लांना धरते. इओसिन आम्लधर्मी असल्याने ते उलट पेशीद्रव्य, स्नायू आणि कोलॅजेन यांना धरते.

स्लाइड झायलीनमध्ये दोन वेळा पाच-पाच मिनिटे ठेवून मेण काढावे आणि उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणावी. मेयर हिमॅटॉक्सिलिनमध्ये 5 ते 10 मिनिटे ठेवून वाहत्या पाण्यात धुवावी. या टप्प्यावर केंद्रके लालसर जांभळी असतात, किंचित अल्कधर्मी पाण्यात काही मिनिटे राहिल्यावरच ती निळी होतात. ओली स्लाइड येथेच एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, कारण केंद्रके फिकी असतील तर परत रंगात घालण्याची ही सोयीची वेळ आहे. मग 1 टक्का इओसिनमध्ये एक-दोन मिनिटे, पाण्यात चटकन बुडवून 95 टक्के आणि शुद्ध अल्कोहोल, नंतर स्वच्छ झायलीन आणि डीपीएक्स (काच कायमची चिकटवणारे पारदर्शक माध्यम) लावून कव्हरस्लिप. पाण्यात आणि सौम्य अल्कोहोलमध्ये इओसिन निघून जाते, तेव्हा तेथे रेंगाळू नये. इओसिन बरोबर लागले की नाही याची माझी कसोटी अशी: तांबड्या पेशी, स्नायू आणि कोलॅजेन यांच्या गुलाबी छटा तीन वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. सगळे एकाच गुलाबी रंगात न्हालेले असेल तर स्लाइड भडक आहे, चांगली नाही.

दोन नोंदी शेजारीशेजारी

स्लाइड प्रथम नुसत्या डोळ्यांनी प्रकाशासमोर धरावी, मग चौपट, दहापट आणि शेवटी चाळीसपट वस्तुभिंग घ्यावे. थेट चाळीसपटीवर उडी मारणारा माणूस गावाचा नकाशा न पाहता गल्लीत शिरतो. बाहेरून आत जाताना निळसर पार्श्वभूमीची कास्थी, कास्थीच्या कड्याच्या दोन टोकांमधला अनैच्छिक स्नायू, ग्रंथी आणि शेवटी अभिस्तर, असे रेखाटन पेन्सिलने काढावे.

अभिस्तराच्या माथ्यावर पक्ष्माभिका आता स्थिर, धूसर ब्रशासारख्या दिसतात. त्या सुट्या का दिसत नाहीत, याचे उत्तर भिंगात आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी 0.55 मायक्रोमीटर आणि वस्तुभिंगाचे संख्यात्मक द्वारक (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचे माप) 0.65 धरले, तर भौतिकशास्त्रज्ञ ॲबे यांच्या सूत्रानुसार सुमारे 0.42 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. पक्ष्माभिकेची जाडीच सुमारे 0.25 मायक्रोमीटर असते आणि त्या दाटीने उभ्या असतात.

मापनासाठी अनेकजण तांबड्या पेशीला मोजपट्टी मानतात, कारण माणसात तिचा व्यास सुमारे 7.5 मायक्रोमीटर असतो. शेळीच्या स्लाइडवर हीच पट्टी लावली तर प्रत्येक माप दुपटीच्या घरात चुकते: शेळीची तांबडी पेशी 4 मायक्रोमीटरच्या आतबाहेरच असते. त्यापेक्षा मंचमापक काच वापरावी, जिच्यावर 1 मिलिमीटरचे 100 भाग आखलेले असतात, आणि नेत्रभिंगातील मोजपट्टी प्रत्येक वस्तुभिंगासाठी एकदा जुळवून तो आकडा सूक्ष्मदर्शकाशेजारी चिकटवून ठेवावा. मग अस्तरपेशींची उंची जिवंत पुंजक्यात आणि छेदात, दोन्हीकडे मोजावी. छेदातील आकडा साधारणपणे लहान येतो. तो फरक बराचसा अल्कोहोलने आणि मेणाने घडवलेला असतो. सुट्या झालेल्या जिवंत पेशी मात्र काहीशा गोलावतात, ही गोष्ट तुलना करताना धरून चालावी.

पक्ष्माभिका नसलेला अस्तराचा भाग दिसला तर आधी जिवंत तुकड्याची नोंद काढावी. तेथे हालचाल सर्वत्र होती आणि छेदात एका बाजूलाच टक्कल आहे, तर दोष बहुधा हाताळणीचा. शेवटी चषक पेशी पाहाव्यात. या रंगात त्यांचा वरचा भाग फिका, जवळजवळ रिकामा दिसतो, जरी खरवडताना पात्याला तोच श्लेष्मा तारेसारखा चिकटलेला आपण पाहिलेला असतो. त्याच फितीतील राखून ठेवलेली दुसरी स्लाइड घ्यावी, 1 टक्का पीरिऑडिक आम्लात दहा मिनिटे आणि धुऊन शिफ द्रावणात पंधरा मिनिटे ठेवावी, मग वाहत्या पाण्यात दहा मिनिटे धुवावी. पाण्यात असतानाच चषक पेशी एकेक करून गडद किरमिजी रंगाने भरत जातात.